पाण्याची साय

आमच्या घरात कपडे धुण्याच्या यंत्राला मी हात लावत नाही. थोरला म्हणतो, आईला यंत्राची भीती वाटते. धाकटीचं म्हणणं, आई चिक्कू आहे, पावडर जपून वापरते. हाताने धुतानाही पावडरीचा चमचा भरताना माझा हात अर्ध्यावर थांबतो, मग पाव चमच्यावर येतो, आणि यांच्या सदऱ्यांच्या कॉलरी जन्मभर पिवळ्या राहिल्या त्या त्यामुळेच. मुलांना मी भुताच्या, दुष्काळाच्या, त्यांच्या बापाला बैलाने चिखलात लोळवल्याच्या सगळ्या गोष्टी रंगवून सांगितल्या. ठकूबाईची तेवढी सांगितली नाही. सांगायला घेतली की त्या गोष्टीत माझा भाग फार वाईट निघतो, आणि तो गाळला तर गोष्टच उरत नाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी पारनेर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मुळा नदीच्या काठच्या एका गावात गेले. गावाचं नाव लिहीत नाही. तेवढी हिंमत अजूनही गोळा झालेली नाही. हे तिथे जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. मी नगरची, बी.एस्सी. झालेली, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या पाच वाक्यांत कळेल अशी व्यवस्था करणारी. शाळेत विज्ञान शिकवायला कुणी नव्हतं म्हणून मला तात्पुरतं घेतलं. पुढे महिला मंडळ निघालं, त्याची चिटणीसही मीच. गावात दुसरी कुणी बाई इंग्रजीत सही करत नव्हती, एवढीच माझी पात्रता.

ठकूबाई ही गावची परटीण. तेव्हा साठीच्या आतबाहेर असेल. उंच, काळी, हाडापेराने दणकट. तळहात मात्र पांढरेफटक आणि सुरकुतलेले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आणून जोडलेत. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. नाकात नथ नाही, पण नाक असं की नथीची गरज नव्हती. ते नाकच तिचं खरं भांडवल. धुणं घ्यायला आली की गाठोडं बांधायच्या आधी एकेक कपडा नाकाशी धरायची. कुणाच्या घरी ताप आहे, कुणाचं पोर अंथरूण ओलं करतं, कोण चोरून विडी ओढतो, सगळं तिला कपड्यांतून कळायचं. सांगायची मात्र ज्याचं त्यालाच.

मी गावात जाऊन महिना झाला असेल. तिने माझं लुगडं उचललं, पदराचं टोक बोटांत चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "पदर कडक झालाय, बाई. रडू का शेंबूड?"

मी म्हटलं, "सर्दी झालीय."

"सर्दीचा वास येगळा," ती म्हणाली. "ह्यो खारट हाय. नगरची याद येती जनू. येऊ द्या. पर पदराला पुसू नगा, जरीचा रंग इटतो." आणि गाठोडं डोक्यावर घेऊन गेली. त्या गावात माझं रडू कुणी ओळखलं असेल तर तिने, आणि तेही लुगड्याच्या काळजीपोटी.

गावाखाली मुळेचा डोह होता. काठावर भैरोबाचं देऊळ, म्हणून डोहातले मासे भैरोबाचे. ते कुणी धरत नसे. लांब मिशांचे शिंगाळे, मरळ, बारकी खवली. सकाळी धुणं सुरू करण्याआधी ठकूबाई काठावर बसून भाकरीचा चुरा टाकायची. पण त्याआधी बोटं बुडवून थोडी थांबायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "कुनाच्या घरात जाताना दार वाजवता का न्हाई तुमी?" चुरा पडला की तळातून शिंगाळे वर यायचे, मिशांनी चाचपडत नेमके तुकड्याशी. "डोळ्यानं न्हाई बगत," ती सांगायची. "मिश्यानं वास घेत्यात. माज्यासारकं हाय त्यांचं, समदं नाकावर."

डोहाच्या खालच्या तोंडाला एक आडवा काळा खडक होता. त्याला गाव फेसाचा दगड म्हणायचं. जे काही फेसाळतं ते त्या दगडाच्या खाली, वाहत्या पाण्यात धुवायचं. वर डोहात नाही. हा नियम परटांनीच घालून घेतलेला. ठकूबाई धुण्याला रिठे वापरायची, आणि रिठ्याच्या फेसाने मासा झिंगून वर येतो, मरतो, हे परटाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. म्हणून तर डोहाची राखण परटाच्या घराकडे आणि त्याबदल्यात एक मान. दसऱ्याला भैरोबाची पालखी निघे तेव्हा तिच्यापुढे पायघड्या घालायचा मान ठकूबाईचा. दोन लांब धडप्या, म्हणजे कापडाच्या पट्ट्या. मागची उचलून पुढे न्यायची, ती अंथरून होईस्तोवर पालखी थांबायची. मी पाहिलेल्या पहिल्या दसऱ्याला सरपंच तात्या म्हणाले, "ठके, उरक की जरा. ऊन चढलं."

ती कड दुमडत, मान वर न करता म्हणाली, "देवाला घाई न्हाई, तात्या. तुमालाच हाय." आणि ती कड दोन बोटं आत घेऊन पुन्हा नीट केली. पालखी थांबली. तात्याही थांबले.

पावसाळ्यानंतर एकदा मी सातवीच्या मुलींना डोहावर नेलं, पृष्ठताण शिकवायला. पाण्यावर पाय न भिजवता चालणाऱ्या निवळ्या दाखवल्या, वाटीत पाणी घेऊन त्यावर सुई तरंगवली, आणि फळ्यावरची व्याख्या तोंडपाठ म्हणून घेतली. ठकूबाई खाली दगडावर कपडे आपटत ऐकत होती. आपटणं थांबवून म्हणाली, "मंजे पान्याची साय."

मुली हसल्या. मीही हसले.

"हसू नगा. दुदाला असती तशी पान्याला बी साय असती. लई पातळ. निवळी तिच्यावर चालती. ती मोडायची न्हाई, येवडंच लक्षात ठेवायचं. बाकी तुमच्या बाई सांगत्यात ते परिक्षेला लिवा."

ती व्याख्या माझ्या व्याख्येपेक्षा बरी होती हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर मी वर्गात ती पुन्हा कधी उच्चारली नाही.

आता दादाबद्दल सांगायला हवं. माझा थोरला भाऊ, नगरला राहायचा. त्याने बाहत्तरच्या सुरुवातीला परसात कपडे धुण्याची पावडर बनवायचा उद्योग काढला. पुण्याहून पिंपात येणारा काळा चिकट द्राव, त्यात सोडा आणि आणखी कायकाय, फावड्याने कालवायचं, पत्र्यावर वाळवायचं, चाळायचं. आई शिंकून शिंकून हैराण. पुडक्यावर काय नाव घालावं यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी दादाने लाडक्या बहिणीचं घातलं. निळ्या अक्षरांत, 'कुमुद पावडर'. खाली एक कमळ. मला इतका आनंद झाला की रिकामं पुडकंसुद्धा मी फेकत नसे. स्वैपाकघराच्या फळीवर ओळीने मांडून ठेवली होती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मुळा वाहिली नाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला, फेसाच्या दगडाखाली नुसती तापलेली वाळू. डोह मात्र तग धरून होता, निम्म्याहून लहान झालेला. जनावरं त्यावर जगत होती. बायका खडी फोडायच्या कामावरून धुळीने माखून यायच्या. डोहाचं पाणी इतकं जड झालं होतं की त्यात साबण फाटायचा, नुसता राखाडी चोथा हाताला लागायचा. पोरांना खरूज झाली होती.

आणि घट बसायचे दिवस जवळ आले होते. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या, ही आमच्याकडची रीत. न धुतलेली गोधडी घरात असताना देवी कशी बसवायची, हा प्रत्येक घरातला प्रश्न. ठकूबाई म्हणत होती, यंदा गोधड्या उन्हात झोडपा. धुवायच्याच असतील तर घागर भरून लांब वाळूत न्या, तिथं धुवा, पाणी तिथंच जिरवा. पण गोधडी एका घागरीत धुतली जात नाही, आणि दिवसभर खडी फोडलेल्या बाईने उन्हात किती घागरी वाहायच्या?

मग चिटणीसबाई पुढे सरसावल्या. मी दादाला चिठ्ठी पाठवली, एस.टी.च्या टपावरून कुमुद पावडरीची दोन पोती आली, आणि मंडळातर्फे धुण्याचा दिवस जाहीर झाला, घट बसायच्या दोन दिवस आधीचा. खरूज जाईल, घट स्वच्छ घरात बसतील, आणि तालुक्याला जाणाऱ्या माझ्या अहवालात एक चांगलं पान होईल. क्रम मी उलटा सांगते आहे. अहवाल आधी सुचला होता.

सकाळी आम्ही गेलो तर ठकूबाई डोहाच्या काठाशी पाय पाण्यात सोडून बसलेली. पन्नास-साठ बायका गोधड्या घेऊन तिच्या मागे थबकल्या.

"वाळूत न्या," ती म्हणाली.

मंडळातल्या शेवंताकाकू म्हणाल्या, "ठके, तुज्या बापाचा डोह हाय का? आमच्या कमरा मोडल्यात."

"बापाचा न्हाई, भैरोबाचा हाय. माशांचं येवडंच बियानं ऱ्हायलंय. हे वाचलं तर उद्या नदीत मासा दिसंल. फेस पान्यात गेला तर मरंल समदं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढे झाले, पुडकं हातात धरलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "ठकूबाई, तुमचं रिठ्याबद्दल बरोबर आहे. पण हे रिठे नाहीत. हा साबणही नाही. हे शास्त्रीय आहे. जड पाण्यातसुद्धा विरघळतं, चोथा राहत नाही, मागे काहीच उरत नाही."

"काईच उरत न्हाई?"

"काहीच नाही."

"तुमी शिकल्याला," ती म्हणाली. हे ती टोमणा म्हणून म्हणाली नाही. तसं असतं तर मला पुढची वीस वर्षं सोपी गेली असती. तिने पुडकं हातात घेतलं, नाकाशी धरलं, जोरात शिंकली, परत दिलं आणि उठून गेली.

तो दिवस फार आनंदात गेला, हेही लिहायलाच हवं. कित्येक महिन्यांनी त्या बायकांनी फेस पाहिला होता. पांढराशुभ्र, कोपरापर्यंत. पोरांनी फेसाच्या दाढीमिशा लावल्या. शेवंताकाकूंनी माझ्या गालाला फेस फासला. संध्याकाळी काठाच्या सगळ्या बाभळींवर गोधड्या वाळत होत्या आणि त्यांचे रंग मुळात काय होते ते घरच्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी डोहाशी थांबले. निवळ्या नव्हत्या. काठाशी वाकून पाहिलं तर पाण्याच्या आत, पाय पसरून बुडालेल्या दिसल्या. ठकूबाई शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "साय मोडली."

तिसऱ्या दिवशी तिने भाकरीचा चुरा टाकला. शिंगाळे वर आले, पण तुकड्याशी येईनात. मिशा हलवत एकेक जण तुकड्याच्या अगदी जवळून निघून जायचा, पुन्हा यायचा, पुन्हा चुकायचा. भाकरी फुगून तळाला गेली. "नाक गेलं त्यांचं," ठकूबाई म्हणाली, आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. चौथ्या दिवशी मासे पाण्यावर तोंडं काढून हवा ओढू लागले. पाचव्या दिवशी डोह पांढरा झाला होता, पण फेसाने नाही. उताणी पोटं. मरळी तेवढ्या काही वाचल्या, त्यांना वर येऊन हवा घेता येते. जनावरं वासाने पाण्याला तोंड लावेनात.

दुपारी देवळापुढे गाव जमलं. देवाचे मासे मेले, दुष्काळात मेले, नवरात्रात मेले. कुणाला तरी धरायला हवं होतं. कुणीतरी म्हणालं, मासा रिठ्यानं मरतो. रिठ्याचं पोतं गावात एकाच घरी. आणि ठकूबाई परवा भांडूनही गेली होती; "समदं मरंल" असं सगळ्यांसमोर म्हणाली होती. हे असं एकाला एक जोडत गेलं. मी बायकांत उभी होते आणि ते जोडलं जाताना ऐकत होते.

तात्या सरळ माणूस. ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकल्याला. तुमच्या पावडरीनं व्हतं का असं?"

सगळं गाव माझ्याकडे वळलं. ठकूबाईही बघत होती. मला बुडालेल्या निवळ्या दिसत होत्या. पृष्ठताण कशाने मोडतो हे मला व्याख्येसकट पाठ होतं. पण मला फळीवरची पुडकीही दिसत होती, निळ्या अक्षरांतलं माझं नाव, आणि त्या पन्नास-साठ बायका, ज्यांनी माझ्या शब्दावर देवाच्या डोहात गोधड्या बुडवल्या होत्या.

मी म्हटलं, "पावडर म्हणजे एक प्रकारचा साबणच. साबणाने मासे मरत नाहीत."

चार दिवसांपूर्वी मी म्हटलं होतं, हा साबण नाही. हे एकाच बाईच्या ध्यानात आलं.

दसऱ्याच्या पायघड्यांचा मान ठकूबाईकडून काढून महिला मंडळाला दिला गेला. टाळ्या झाल्या.

तीन दिवसांनी, मधल्या सुट्टीत, ती शाळेत आली. दोन हातांत दोन तांबे. वर्गात कुणी नव्हतं. पहिला तांब्या तिने माझ्या नाकापुढे धरला. आंबूस, कुजका वास.

"रिठ्याचं पानी. गोधड्या धुतल्या त्या दिशी घरी भिजवल्यालं. हालवा."

मी हलवला. फेस आला नाही.

"रिठा चार दिसांत नासतो, त्याचा फेस मरतो. आता ह्यो बगा. डोहातलं, आजचं."

दुसऱ्याला वास नव्हता. मी हलवला. तांब्याच्या तोंडाशी फेस आला, पांढरा, ताजा, बोटभर. माझ्या बोटांवरून खाली जमिनीवर सांडला. प्रयोगशाळा नाही, बी.एस्सी. नाही. मी करायला हवा होता तो प्रयोग तिने दोन तांब्यांत करून आणला होता.

"तुमी म्हनला, काई उरत न्हाई," ती म्हणाली. "उरलंय की."

मी तांब्या बाकावर ठेवला. ती म्हणाली, "माजं कोन ऐकनार. मी सांगितलं तर म्हनतील अंगावरचं झटकती. तुमी सांगा. दसऱ्याला चार दिस हायेत. पालकीच्या आदी सांगा."

मी मान हलवली. होय म्हणूनच हलवली होती.

पहिल्या दिवशी तात्या तालुक्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी दादाचं पत्र आलं, पारनेरच्या दोन दुकानांनी पावडर मागितली म्हणून. तिसऱ्या दिवशी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला काय वाटतं ते कर," आणि दुष्काळी छावणीतल्या जनावरांकडे निघून गेले. यांनी थोडं दटावलं असतं तर बरं झालं असतं, असं मी कित्येक वर्षं यांनाच सुनवत आले. चौथा दिवस दसरा.

पायघड्या मंडळाने धुतल्या होत्या, कुमुद पावडरीने, डोहावर नव्हे तर माझ्या घरच्या रांजणातलं पिण्याचं पाणी काढून. इतक्या पांढऱ्या पायघड्या त्या देवळाने पाहिल्या नव्हत्या. मी चिटणीस म्हणून पुढे. पालखीकडे तोंड करून, मागे मागे चालत, मी धडपी अंथरत होते आणि कड सारखी उलटत होती. गर्दीच्या टोकाला ठकूबाई उभी होती. मी मान वर करत नव्हते, तरी मला ती दिसत होती. देवळाच्या पायरीशी तिचा आवाज आला. चढा नाही, रोजचाच.

"बाई, कड दोन बोटं आत घ्या. देवाचा पाय अडकंल."

मी कड आत घेतली. पालखी पुढे गेली.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात मुळा आली. डोह भरला, धुवून निघाला. निवळ्या परत आल्या, मरळी दिसू लागल्या. शिंगाळा मी असेपर्यंत दिसला नाही. गावाने ठकूबाईला धुणं द्यायचं थांबवलं नाही. धुणं प्रत्येकाला लागतंच. माझंही ती नेत राहिली. फक्त माझे कपडे नाकाशी धरायचं तिने बंद केलं. तसेच गाठोड्यात टाकायची. दादाचा धंदा पुढे बुडाला, त्यात माझ्या सदसद्विवेकाचा काही हात नव्हता. मोठ्या कारखान्यांची पावडर खेड्यापर्यंत आली, इतकंच.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये यांची बदली झाली. सामान आदल्या दिवशी ट्रकने गेलं. निघायच्या दिवशी सकाळी मी डोहावर गेले. ठकूबाई काठावर बसली होती, बोटं पाण्यात. मी शेजारी बसले आणि सांगितलं. सगळं, एका दमात. पावडर माझी, नाव माझं, खोटं माझं, तुमचा मान माझ्यामुळे गेला, मला माफ करा. रडलेही. पदराला पुसलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगता? मला म्हाईतच हाय."

नंतर देवळाकडे बघून म्हणाली, "तात्या पारावर बसल्यात. चार मान्सं बी हायेत. जावा, सांगून या."

मी उठले. पदर सारखा केला. म्हणाले, "एस.टी.ची वेळ झाली, ठकूबाई."

"बरं," ती म्हणाली.

एस.टी.चा थांबा डोहाच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली. हे पिशव्या घेऊन आधीच उभे होते. म्हणाले, "इतक्या लवकर आलीस? गाडीला अजून पाऊण तास आहे." त्या गावाला दिवसातून एकच गाडी यायची आणि तिची वेळ पोराटोरांनाही पाठ होती.

पाऊण तास मी लिंबाखाली उभी होते. तिथून पार दिसत होता, पारावर तात्या दिसत होते. खाली डोह दिसत होता आणि काठावर ती. तिने उरलेली भाकरी कुस्करली, चुरा पाण्यात टाकला आणि वाट बघत बसली. एकदा तिने मान वर करून लिंबाकडे पाहिलं, मग पाराकडे, आणि पुन्हा पाण्याकडे. गाडी वेळेवर आली.